सात मिनिटांचा डाव

धाराशिव जिल्ह्यात खो-खोसाठी मुली गोळा करायला फारसं फिरावं लागत नाही. इथल्या सारिका काळेने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं आणि सुवर्णपदक आणलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षांनी आला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा इथेच, तेव्हाच्या उस्मानाबादेत भरली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघात आमची अश्विनी शिंदे होती. डॉ. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी वर्षानुवर्षं मैदानावर उभं राहून हे वातावरण तयार केलंय. आठवी-नववीतली पोर इथे पाटीवर कसं बसायचं ते शिकूनच कॉलेजात येते.

मी या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा खो-खो संघ सांभाळते. आमचा संघ पूर्वी सावकाश खेळायचा. पळतीत तग धरायचा, आक्रमणात फाऊल होऊ द्यायचा नाही आणि समोरचा संघ घाईने कधी चुकतोय याची वाट बघायची. नऊ मिनिटांच्या डावाला हा खेळ शोभायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली आणि ती टीव्हीवर घरोघर दिसली. सात मिनिटांचा डाव, पाटीवर आठऐवजी सहा जण, एक गडी बाद केला की दोन गुण, वजीर, पॉवरप्ले. विश्वचषकही त्याच धर्तीवर झाला. आता आमच्या मुलींना जुना आणि नवा, दोन्ही खेळ यावे लागतात. म्हणून संघाची चाल बदलायची ठरवली. त्या बदलात जे शिकले ते लिहून ठेवते आहे. वेग वाढवायला निघालेल्या दुसऱ्या एखाद्या संघाला त्यातलं काही कामी आलं तर बरंच आहे.

१. पळणं कमी केलं की आक्रमण वेगवान होतं

भूम तालुक्यातून आलेली एक मुलगी कॉलेजच्या क्रीडा महोत्सवात १०० मीटरला पहिली यायची. आक्रमणात तिच्यावर सगळ्यांची भिस्त. ती उठली की समोरच्या धावकाच्या मागे या खांबापासून त्या खांबापर्यंत पळत सुटायची. बघायला फार छान वाटायचं, टाळ्याही पडायच्या, पण गडी मात्र क्वचित मिळायचा.

कारण खेळाच्या नियमातच आहे. आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. धावकाला यातलं कुठलंच बंधन नाही. ती बसलेल्या दोघींच्या मधून सटकन पलीकडे जाते आणि आपली शंभर मीटरवाली अलीकडे राहते. सरळ शर्यतीत या खेळात धावकच जिंकणार, तशीच रचना आहे. त्यावरचा एकच तोडगा म्हणजे खो. धावक जिकडे सटकली, तिकडे तोंड करून बसलेली आपली मुलगी उठली पाहिजे आणि लगेच उठली पाहिजे.

म्हणून सरावात एकच दंडक घातला: दोन चौकांच्या पुढे कुणी पळायचं नाही. गडी हाताशी आला असला तरी नाही. पहिले काही आठवडे मुलींना हे फार जड गेलं. ती भूमची मुलगी तर रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, हातभरच राहिली होती ती. मी मारलं असतं." मी म्हटलं, "मारलं असतंस, मान्य आहे. पण दहातून किती वेळा?" ती गप्प झाली. तिला पटलेलं नाही हे दिसत होतं.

बोलून जे जमलं नाही ते नोंदवहीने केलं. आमच्या वहीत पूर्वी फक्त गडी कुणी टिपला एवढंच लिहिलं जायचं. बास्केटबॉलमध्ये बास्केट करणाऱ्याबरोबर त्याला शेवटचा पास देणाऱ्याचीही नोंद होते. तोच रकाना मी आमच्या वहीत घातला: गडी टिपला कुणी, आणि त्याच्या आधीचा खो दिला कुणी. सराव संपला की दोन्ही नावं मोठ्याने वाचून दाखवायची. भूमच्या मुलीचं नाव पहिल्या रकान्यात कमी झालं आणि दुसऱ्यात सगळ्यांच्या वर गेलं. आता ती उठते, चार पावलांत धावकाला एका बाजूला रेटते, खो देते आणि बसते. बाद करणारी दुसरीच असते. तो गडी खरं तर तिनेच बाद केलेला असतो आणि आता संघातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे.

२. बसलेल्या मुलीकडे बघा

प्रेक्षक पळणारीकडे बघतात. प्रशिक्षकाने बसलेलीकडे बघावं. संघ वेगवान होणार की नाही ते तिथे कळतं.

कशी बसते ते जरा जवळून सांगते. टाच जमिनीला टेकलेली असेल तर ती मुलगी उशिराच उठणार. वजन दोन्ही चवड्यांवर हवं, एक पाय किंचित पुढे, एक मागे, आणि दोन्ही हातांची बोटं जमिनीला नुसती लागलेली, तळवा टेकलेला नाही. तळवा टेकला की आधी तो उचलावा लागतो, मग अंग उचलायचं. नजर समोरच्या जमिनीवर नको. मान वळवून धावक कुठे आहे ते सतत बघत राहायचं, कारण खो मिळाल्यावर दिशा ठरवायला वेळच नसतो. खांदा एकदा एका बाजूला वळला की तीच दिशा झाली. पाठीवर हात पडायच्या आधीच 'आता मिळाला तर डावीकडे' हे ठरलेलं हवं. धावक हलली की निर्णयही बदलायचा.

उठल्यावरचं पहिलं पाऊल मोठं टाकायची मुलींना हौस असते. पहिलं पाऊल आखूडच पाहिजे. लांब पाऊल टाकलं की अंग मागे राहतं आणि धावक अर्ध्या हाताने निसटते.

आणि आवाज. हात लागणं आणि 'खो' म्हणणं एकाच वेळी झालं पाहिजे, पंचांना ऐकू गेलं पाहिजे. वेग वाढवताना सगळ्यात आधी बिघडतं ते हेच. हात आधी लागतो, शब्द मागून येतो, नाहीतर तोंडातल्या तोंडात पुटपुटला जातो. शिट्टी वाजते, आक्रमकाला उलट दिशा घ्यावी लागते आणि धावकाला आयती उसंत मिळते. खेड्यातून आलेल्या कित्येक मुलींना चारचौघांत मोठ्याने ओरडायची सवयच नसते. 'हळू बोल' हेच त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या असतात. त्यांचा आवाज मोकळा व्हायला पायांपेक्षा जास्त दिवस लागतात. सरावाला सुरुवात करताना आम्ही सगळ्या ओळीने उभ्या राहून नुसता खो ओरडतो. बाजूला क्रिकेट खेळणारी मुलं सुरुवातीला हसायची, आता हसत नाहीत.

३. घड्याळाशी आधी बोलून घ्यावं

अमेरिकेतल्या बास्केटबॉलची एक गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलींना सांगते. १९५० साली एनबीएमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. बलाढ्य लेकर्सपुढे चेंडू हातात धरून वेळ काढायचा, एवढीच त्या संघाची युक्ती. प्रेक्षक कंटाळू लागले. शेवटी १९५४ मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायासोन यांनी तोड काढली. ४८ मिनिटांच्या सामन्याचे सेकंद होतात २,८८०. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटवर चेंडू टाकतात. भागाकार केला तर २४ येतात. म्हणून चेंडू हातात आल्यापासून २४ सेकंदांत नेम धरायचाच, असा नियम झाला. खेळाडू होते तेच राहिले, खेळ मात्र पार बदलून गेला. आज आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलही २४ सेकंदांच्या घड्याळावर चालतो.

हाच भागाकार आम्ही आमच्या डावाला लावला. जुन्या डावात नऊ मिनिटं, म्हणजे ५४० सेकंद. तिघींच्या तीन तुकड्या बाद करायच्या तर नऊ गडी, एकीच्या वाट्याला एक मिनिट. नव्या डावात ४२० सेकंद. तेच नऊ गडी टिपायचे तर एकीला साधारण ४७ सेकंद. म्हणजे प्रत्येक गड्यामागे १३ सेकंद कमी. 'जोरात खेळा, जोरात खेळा' असं बाहेरून ओरडून मुलींना काही समजत नाही. १३ सेकंद म्हटलं की समजतं. हे १३ सेकंद कुठून काढायचे यावर त्यांनीच फळ्यावर हिशेब मांडला. खांबाजवळ उगाच थांबणं, खो मिळाल्यावर धावक शोधत बसणं, गडी बाद झाल्यावर आनंदात उभं राहणं आणि आत येणाऱ्या पुढच्या तुकडीकडे पाठ असणं. वेळ गळत होता तो या चार जागांतून. यातल्या एकाही जागी पळायचा वेग वाढवायची गरज नव्हती.

४. एसटीचं वेळापत्रक हाही खेळाचा भाग आहे

आमच्या संघातल्या निम्म्याहून जास्त मुली रोज येऊन-जाऊन शिकतात. कुणी तेरकडून, कुणी कळंबच्या रस्त्यावरच्या गावातून, कुणी वाडीवरून फाट्यापर्यंत पायी आणि तिथून बसने. संध्याकाळची ठराविक गाडी चुकली तर घरी फोन, बापाची चिडचिड, दुसऱ्या दिवशी 'बास झालं तुझं खेळणं'. अशा मुलींना घेऊन अडीच तासांचा सराव करता येत नाही.

सावकाश खेळाला लांब सराव लागतो. पळतीची पाच-पाच मिनिटं, मग विश्रांती, मग पुन्हा. वेगवान खेळाचा सराव आटोपशीर असतो आणि तसाच असावा लागतो, कारण थकलेल्या अंगाने वेग शिकता येत नाही. सवा तासाचा घट्ट आखलेला सराव ठेवला, त्यात एक मिनिटही कुणी नुसतं उभं राहायचं नाही असं ठरवलं, आणि मुली दिवस मावळायच्या आत गाडीत बसू लागल्या. चाल बदलण्याचा निर्णय खेळासाठी घेतला होता. त्याने मुलींची घरची अडचण मिटेल हे तेव्हा ध्यानात नव्हतं. आता मला ते या बदलाचं सगळ्यात मोठं कारण वाटतं.

एका मुलीच्या वडिलांशी या काळात बरंच बोलले. ऊसतोडीला जाणारं कुटुंब, मुलगी आजीपाशी राहायची. ते म्हणाले, "मॅडम, खेळाला ना नाही. पण अंधार पडायच्या आत पोरगी घरात पाहिजे, माझी आई एकटी आहे." "दादा, अंधाराच्या आत गाडीत बसवून देईन, ही जबाबदारी माझी," एवढंच मी म्हटलं. जी घरं मुलींना खेळायला पाठवत नाहीत त्यांतल्या पुष्कळांचं म्हणणं इतकंच असतं. त्यांना मागासलेले म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

५. दम दोन प्रकारचा असतो

पूर्वी आम्ही सकाळी धाराशिव लेण्यांच्या रस्त्याला लांब पळायला जायचो. बालाघाटची मोकळी हवा, चढ-उतार. मुलींना ते आवडायचं. ते मी बंद केलं नाही, आठवड्यातून एकदावर आणलं.

आक्रमक एका वेळी चार-पाच सेकंदच जोरात पळते आणि बसते. थोड्या वेळात पुन्हा उठते. तिला हवा असतो तो झटक्याचा दम: पूर्ण ताकदीने छोटी धाव, मग चालणं, मग पुन्हा धाव. धावकाचं काम वेगळं. तिला मिनिट, दोन मिनिटं, जमलं तर तीन मिनिटं सतत वळणं घेत राहायचं असतं. तिला टिकाऊ दम हवा. सगळ्या संघाला एकच व्यायाम दिला तर दोन्हींकडे अर्धवट राहतं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा झटक्याचा सराव पहाटेच. उन्हात नुसती दमछाक होते, वेग येत नाही.

६. डब्यात काय आहे ते विचारा

सारिका काळेने मुलाखतीत सांगितलेलं आहे की घरी दिवसातून एकच वेळ जेवण मिळायचं असे दिवस तिने काढले. तिची गोष्ट सांगताना आपण जिद्दीवर थांबतो. मला त्या एका वेळच्या जेवणाचं जास्त वाटतं. आजही माझ्या संघात सकाळी चहा-बिस्किटावर निघून दुपारी भाकरी-चटणीवर भागवणाऱ्या मुली आहेत. त्यांच्याकडून संध्याकाळी झटक्याची धाव मागायची म्हणजे काय मागायचं, हे आधी स्वतःला विचारावं.

हिमोग्लोबिन तपासून घेतल्याशिवाय मी कुणालाही जोराच्या सरावात घेत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर तो रक्तक्षय. 'लवकर दमते, आळशी आहे' असं जिच्याबद्दल बोललं जातं तिचं पुष्कळदा नऊ-साडेनऊ निघतं. लोहाच्या गोळ्या, शेपू-मेथी, मटकीची उसळ, जेवणावर लिंबू, आणि जेवणाला लागून चहा बंद. काही महिन्यांत तीच मुलगी शेवटच्या मिनिटाला खांबापर्यंत पोचते. सरावाआधी शेंगदाणे, गूळ आणि केळं एवढं तरी पोटात हवंच. त्याचा खर्च निघतो. कॉलेजातले सहकारी आळीपाळीने देतात.

नवरात्राचं आमच्याकडे वेगळंच असतं. तुळजापूर इतकं जवळ, घराघरांत घट बसतात, कित्येक मुली नऊ दिवसांचे उपवास धरतात, काही अनवाणी राहतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवसही त्याच सुमाराला येतात. देवीचं मोडा असं मी कुणाला सांगणार नाही. मी स्वतःही ते करते. मी आयांशी आणि आज्यांशी बोलते. उठता-बसता उपवास करायला बहुतेक जणी तयार होतात. जिला नऊ दिवस धरायचेच आहेत तिच्या डब्यात भगर, राजगिऱ्याचा लाडू, रताळं, दूध, दाण्याची आमटी भरपूर असेल असं ठरतं. एका आजीने तर, "खेळती लेक हाय, तिला उपाशी ठिवून देवीला काय मिळणार?" असं म्हणून नातीऐवजी स्वतः उपवास वाढवून घेतला.

७. मॅटवर जायचं तर आधी खाली उतरायला शिका

नवा खेळ मॅटवर होतो, आमचं मैदान मात्र मुरमाचं. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीने आखायचं. मातीवर पाय थोडा घसरतो आणि तो घसरतो म्हणूनच गुडघा वाचतो. मॅटवर बूट चिकटतो, अंग पुढे जातं आणि सगळा पीळ गुडघ्यात येतो. मुलींना गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, हे खेळाच्या वैद्यकात पक्कं ठरलेलं आहे. म्हणून सूर मारायला शिकवण्याआधी उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला शिकवते. कंटाळवाणा सराव आहे, फोटो काढण्यासारखा नाही. तो रोज होतो.

८. पळती सोडायची नाही

मला यावरच सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण वेगाची चटक लागली की पहिला बळी पळतीचा जातो. नव्या नियमांत गडी बाद केला की दोन गुण, म्हणून सगळ्यांचं लक्ष आक्रमणाकडे. मुलींना सूर मारायचा असतो, खांबावर झेपावायचं असतं. सावकाश, डोकं वापरून, समोरच्याला दमवत पळायचं ही जुनी विद्या त्यांना म्हाताऱ्यांची वाटू लागते.

त्यांना मी विश्वचषकाचा अंतिम सामना दाखवते. १९ जानेवारी २०२५, दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम, भारत विरुद्ध नेपाळ. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या प्रियांका इंगळेचं कर्णधारपद. भारताने ७८-४० असा जिंकला. आकडा बघून वाटतं, नुसती आक्रमणाची आतषबाजी झाली असेल. झालीच होती, भारताचे ७३ गुण तिसऱ्या डावापर्यंत झाले. पण शेवटच्या डावात, नेपाळ आक्रमणाला आलं तेव्हा, चैत्रा बी. हिच्या तुकडीने ५ मिनिटं १४ सेकंद पळती केली. एका तुकडीने सात मिनिटांतली पाच! तुकडी तीन मिनिटं टिकली की एक गुण आणि पुढच्या दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. त्यांचे पाच गुण झाले, पण त्या पाच गुणांपेक्षा मोठं म्हणजे नेपाळच्या हातातलं घड्याळच काढून घेतलं गेलं. सामन्याची सर्वोत्तम खेळाडूही चैत्राच ठरली. जगातल्या सगळ्यात वेगवान खो-खोचा सगळ्यात मोठा सामना जुन्या पद्धतीच्या पळतीने बंद झाला.

म्हणून आमचा सराव पळतीने सुरू होतो, अंग ताजं असताना. एकेरी साखळी, दुहेरी साखळी, गोल, तिन्ही रोज. एकेरी साखळीत एकेका मुलीला ओलांडत नागमोडी जायचं, आक्रमकाला दर वेळी खो द्यायला लावायचं. गोल खेळताना तिला पाटीच्या मधल्या भागात घुटमळत ठेवायचं, खांबाजवळ जायचंच नाही. संघातल्या थोरल्या मुली धाकट्यांना हे शिकवतात. आमची एक जुनी खेळाडू आता उमरग्याकडे शाळेवर शिक्षिका आहे. ती सुट्टीला आली की मैदानावर येतेच. ती मुलींना सांगते, "तिच्या हाताकडे बघू नका गं. हात खोटं बोलतो. कमरेकडे बघा, कंबर जिकडे वळली तिकडेच ती जाणार." हूल ओळखायची याहून चांगली शिकवण मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

वेगवान संघाला सावकाश खेळणारी एक तरी मुलगी लागतेच. आमच्याकडे आज अशा दोघी आहेत. दोघीही शंभर मीटरला शेवटच्या येतात. आक्रमणात त्यांचं नाव वहीत फारसं दिसत नाही. पण सामना अटीतटीला आला की पहिल्या तुकडीत त्याच उतरतात आणि समोरच्या बाकावर कुजबुज सुरू होते.

९. राखीव मुलगी राखीव ठेवायची नाही

वेगात खेळायचं तर बाकावरच्या मुलींचाही दम हिशेबात धरावा लागतो. पूर्वी आमच्या शेवटच्या दोघी-तिघी वर्षभर पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. आता त्या प्रत्येक सामन्यात काही वेळ तरी आत असतात. सरावाला दांड्या मारणं त्यांनी आपोआप सोडलं.

१०. वजीर कोणाला करायचं

नव्या खेळात वजिराला दिशेचं बंधन नाही. बाकीच्यांना जी दिशा घेतली तीच धरावी लागते. वजीर उलटा फिरू शकतो, आणि पॉवरप्लेमध्ये एकाऐवजी दोन वजीर असतात. कुठल्याही संघाला वाटतं की सगळ्यात वेगवान मुलगी वजीर करावी. आमच्या कर्णधाराचंही तेच मत आहे. तिने भूमच्या मुलीचं नाव दिलंय.

माझ्या मनात परांड्याकडची दुसरीच एक मुलगी आहे. अंगाने बारीक, बोलायला कमी. तिला मोकळीक मिळाली तरी ती त्या मोकळिकीच्या मागे लागत नाही. वळता येत असूनही वळायची गरज नसेल तर वळत नाही, शेजारच्या मुलीला खो देऊन बसते. वजीर करून बघितलं तेव्हा तिने उलटी दिशा फारच थोड्या वेळा घेतली, आणि जेव्हा घेतली तेव्हा बहुतेक वेळा गडी गेला. धावकांना ती कधी वळणार याचा अंदाजच येईना. त्या दोन्ही दिशांना घाबरून पळत होत्या.

कर्णधाराचं म्हणणंही खोडून काढता येत नाही. "मॅडम, तिला जोर कमी पडतो. पॉवरप्लेला सूर मारायची वेळ आली तर ती पोचायची नाही." खरं आहे. भूमची पोचेल. आणि भूमची आता पूर्वीची राहिलेली नाही, खो वेळेवर देते. यावर सरावानंतर बसची वाट बघताना मुलींचे दोन तट पडलेत आणि रोज नवे दाखले निघतात. या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या दोन संघांशी नव्या नियमांचे सराव सामने ठरवलेत. पहिल्यात परांड्याची वजीर, दुसऱ्यात भूमची, आणि दोन्ही सामन्यांची वही कर्णधार स्वतः लिहिणार आहे.